चर्चच्या आवारातली तपकिरी गाडी

उत्तर रस्ता, हॅवेल काउंटी, नेब्रास्का
१४ एप्रिल १९९६

प्रिय मार्लिस,

फोन का केला नाही असं विचारू नकोस. लहानपणी आपल्या फोनच्या एकाच लाइनवर सात घरं होती आणि आग्नेस मावशी रिसीव्हर उचलून श्वास रोखून बसायची, ते मी विसरलेलो नाही. आता लाइन आपली एकट्याची आहे असं कंपनी म्हणते. कंपनी म्हणते म्हणून मी मानायचं का? शिवाय फोनवर आपण पाचव्या मिनिटाला भांडतो. पत्रात निदान तुला माझं सगळं ऐकून घ्यावं लागतं.

तर मुद्द्याचं. ऑगस्टमध्ये काउंटीच्या मंडळापुढे अंदाजपत्रक येणार. मंडळात आम्ही तिघं, हे तुला ठाऊक आहे: मी, हार्लन व्होट्रुबा आणि म्हातारे ग्रुबर. त्या अंदाजपत्रकात तुमच्या कैवारी कार्यालयाच्या अनुदानाची एक ओळ आहे. हार्लन म्हणतो, ती ओळ खोडायची. ग्रुबर म्हणतात, ठेवायची. म्हणजे शेवटी घोंगडं माझ्याच गळ्यात.

म्हणून तुलाच विचारतो, तू त्यांच्यातलीच आहेस. ज्या मुलांना घरात मारहाण झाली, ज्यांच्याकडे कुणी बघितलं नाही, अशांच्या वतीने तुम्ही कोर्टात बोलता. चांगलं आहे. पण तुम्ही सगळे फुकट काम करता ना? मग फुकट काम करणाऱ्यांना सरकारी पैसा कशाला लागतो? मी वीस वर्षं चर्चची घंटा वाजवली, कुणाला बिल पाठवलं नाही. आणि ते कार्यालय चालवणारी ती तुमची डेलगाडोबाई. ओमाहासारखं शहर सोडून ती आपल्या इथल्या पोरांची काळजी करायला का आली, याचं पटेल असं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. माणूस काहीतरी मिळाल्याशिवाय एवढ्या लांब येत नाही.

हार्लनचंच बघ. त्याच्याकडे आणि त्याच्या बायकोकडे, जोलीनकडे, कोर्टाने सांभाळायला दिलेली शॉना आहे, नऊ वर्षांची. गोड पोर. तिच्या आईला ठरलेल्या दिवशी भेटायलासुद्धा यायला जमत नाही. हार्लन पोरीला घेऊन जातो, वाट बघतो, परत येतो. अशा आईसाठी कोर्ट, वकील, समाजसेविका आणि वर तुमच्यातलं कुणीतरी. कोण ते हार्लन सांगत नाही. कोर्टाची मनाई आहे म्हणे. तू तर नाहीस ना?

बाकी इकडे सगळं ठीक. जमीन अजून गार आहे, मक्याचं बी आठवडाभराने टाकेन. डिझेलच्या चोऱ्या वाढल्यात. चर्चच्या आवाराला लागून माझी टाकी आहे ना, तिच्यातून हिवाळ्यात दोनदा कुणीतरी उपसून नेलं. शेरीफ झोपा काढतोय, म्हणून राखण मीच करतो.

तुझा भाऊ,
लॅड

---

क्रॉसबी
२३ एप्रिल

प्रिय लॅड,

तू एवढं लांब पत्र लिहिलंस म्हणजे तुझ्या मनात निर्णय झालेला आहे आणि आता फक्त माझी उलटतपासणी घ्यायची आहे. घे.

त्या अनुदानातला एक छदामही मला मिळत नाही. पेट्रोलसुद्धा माझं. पैसे कशाला लागतात सांगू? माझ्यावर संशय घ्यायला. हसू नकोस. मूल ताब्यात द्यायचं नसलं तरी त्याच्या जवळ बसायला मिळणार, म्हणून माझ्या बोटांचे ठसे घेतले. माझ्या शेजारणींना विचारलं, ही दारू पिते का, चिडते का, एकटी का राहते. मग दोन महिने संध्याकाळी वर्गात बसवून शिकवलं. आता मी न्यायाधीशांसाठी जे काही लिहिते ते आधी डेलगाडोबाई वाचते. मागे मी एका आईबद्दल 'बेपर्वा' असं लिहिलं. तिने लाल पेन्सिलने खोडलं. म्हणाली, "बेपर्वाई कशी दिसते, मार्लिस? तुला काय दिसलं ते लिही. तू पाहिलं नसशील तर कुणी पाहिलं त्याचं नाव लिही." माझ्यासारख्या बाईला मोकळं सोडलं तर काय होईल याची त्या कार्यालयाला धास्ती आहे, आणि ती धास्ती पगारी माणसालाच बाळगावी लागते. तुझ्या स्वभावाला हे पटायला हवं होतं.

आणि आमचा उपयोग काय, तर एवढाच. समाजसेविका येतात आणि जातात, एका मुलाने दीड वर्षात चार पाहिल्या. वकिलाच्या टेबलावर मुलांच्या फायलींचा ढीग असतो. माझ्याकडे एकच मूल असतं. त्या मुलाला कोणती भाजी आवडत नाही हे मला माहीत असतं.

मी कुणाची कैवारी, हे विचारू नकोस. न्यायाधीशांपुढे हात वर करून शपथ घेतली आहे. तीस वर्षं सलूनमध्ये गावातल्या बायकांचे केस धुतले. डोकं पाण्याखाली गेलं की बाई काय वाटेल ते बोलते. त्यातलं एक अक्षर कधी तुझ्या कानावर आलं का?

आता मी एक विचारते, आणि का विचारते ते विचारू नकोस. शनिवारी सकाळी तुझ्या शेजारच्या चर्चच्या आवारात कुणी पुरुष असतो का? डोक्यावर बियाण्याच्या कंपनीची टोपी, पिकअप गाडी. या वर्णनात काउंटीतले सगळेच पुरुष बसतात, मला कळतं. हार्लनचा गडीमाणूस कधी तिकडे दिसतो का? किंवा हार्लनने आणखी कुणाला सांगून ठेवलंय असं काही कानावर आलं का?

खसखशीचं सारण भरून कोलाची भाजल्या होत्या. तुझ्या वाटणीच्या फ्रीजरमध्ये ठेवल्या आहेत. भांडायला आलास तरी मिळतील.

मार्लिस

---

उत्तर रस्ता
२ मे

प्रिय मार्लिस,

म्हणजे तूच आहेस. मी विचारलेल्या प्रश्नाला 'नाही' म्हणायला तुझं काही जात नव्हतं. म्हटलं नाहीस.

आणि आता हार्लनवर पाळत? त्याचा गडी कुठे असतो, तो कुणाला काय सांगतो! अगं, ज्याच्याबरोबर मी चाळीस वर्षं डुकरांच्या लिलावाला जातोय त्याच्याबद्दल तू मलाच चुगली करायला लावतेस? फुकट काम करणारी माणसं काय शोधत फिरतात हे मला कळायला लागलं आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र देतो, कारण ते ऐकून तुझा फुगा फुटेल. चर्चच्या आवारात शनिवारी सकाळी असतो तो पुरुष मी आहे. मीच. टोपी माझी, पिकअप माझी. टाकीची राखण करतो असं लिहिलं होतं ना?

आणि ऐकून ठेव, ती राखण वाया गेलेली नाही. फेब्रुवारीपासून एक तपकिरी गाडी तिथे येऊन थांबते. डावीकडचं दार गंजलेलं, नंबर दुसऱ्या काउंटीचा. एक शनिवार सोडून एक शनिवार, पावणेदहाच्या सुमाराला. मला बघताच आत बसलेली बाई खाली सरकते. पहिल्यांदा मी काच वाजवून विचारलं, "काय काम आहे?" म्हणाली, "वाट बघतेय." मी म्हटलं, "कुणाची?" तर म्हणते, "ते सांगायची परवानगी नाही." ऐकलंस? परवानगी नाही! ज्याच्या मनात काळंबेरं नसतं तो सरळ नाव सांगतो. मी म्हटलं, "मग वाट दुसरीकडे बघ."

दुसऱ्या वेळी डिकी उघडायला लावली. मला वाटलं आत डबे आणि नळी असणार. नव्हती. लहान मुलाची एक सायकल होती, मुठींना झिरमिळ्या लावलेली. तीही कुठून तरी उचललेलीच असणार. तिसऱ्या वेळी शेजारच्या सीटवर दुकानातला केक, प्लास्टिकच्या झाकणाचा, गुलाबी, आणि त्या केकला सीटबेल्ट लावलेला. सांग, डिझेल चोरायला येणारी बाई केक कशाला आणेल? तर कुणी पकडलं की दाखवायला. मी बरोबर ओळखलं. म्हटलं, "पुन्हा दिसलीस तर शेरीफला नंबर देईन." शेरीफचं नाव काढल्याबरोबर तिचा चेहरा उतरला. गाडी सुरू करताना दोनदा बंद पडली, एवढी घाबरली होती. तरी एप्रिलमध्ये पुन्हा आली. यांना लाज नसते.

हे सगळं मी कॉफीच्या टेबलावर सगळ्यांना सांगितलं. हार्लनही होता. तो हसला आणि म्हणाला, "लॅड, तू असताना शेरीफ हवाच कशाला!"

कोलाची आलुबुखाराच्या असत्या तर आलोही असतो.

लॅड

---

क्रॉसबी
१३ मे

लॅड,

तुझं पत्र मिळालं.

यापुढे शनिवार, चर्च, हार्लन आणि ती गाडी यांच्याविषयी मला एक शब्दही लिहू नकोस. फोन नको, येऊही नकोस. तुला कोर्टाचं बोलावणं येईल. ते माझ्यामुळे आलेलं असेल. तिथे तू जे पाहिलंस ते सांग, तुला जे वाटलं ते नको.

सोबतच्या पुडक्यात एक कुलूप आहे. चांगलं भारी आहे, दुकानदाराला विचारून घेतलं. टाकीच्या नळाला लाव आणि शनिवारी सकाळी घरी बस. तू माझं कधी काही ऐकलं नाहीस. हे ऐक.

मार्लिस

---

उत्तर रस्ता
८ ऑगस्ट

मार्लिस,

तीन महिने तू गप्प आहेस आणि परवा शेरीफचा माणूस माझ्या दारात कोर्टाचा कागद घेऊन उभा राहिला. बावीस तारखेला हजर व्हा. शेतात खत टाकायला आलेली पोरं बघत होती. आता गावात काय काय बोललं जाईल ते तुला सांगायला नको.

मी यावर पुष्कळ विचार केला आणि आता मला सगळं दिसतंय. ती तपकिरी गाडीवाली बाई तुमच्याच कार्यालयाची होती. हार्लनवर पाळत ठेवायला नेमलेली. सायकल, केक, सगळं सोंग. 'सांगायची परवानगी नाही' हे बोलणं मी तेव्हाच ओळखायला हवं होतं, कारण तूही अगदी तेच बोलतेस. मी तुमच्या हेराला हाकललं म्हणून आता मला कोर्टात उभं करणार. त्यात हार्लनला गोवणार. आणि हे सगळं कधी? अनुदान मंडळापुढे आलं तेव्हाच. वा.

हार्लनला मी कागद दाखवला. त्याने तो वाचला, घडी करून परत दिला आणि घरी गेला. एवढा सरळ माणूस, त्याला तुम्ही किती दुखावलंत हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

मंगळवारी मत झालं. हार्लनने ओळ खोडायचा ठराव मांडला. मी त्याच्या बाजूने हात वर केला. डेलगाडोबाई मागच्या खुर्चीवर होती. ती रडली नाही, ओरडली नाही, तिच्या वहीत काहीतरी लिहिलं आणि निघून गेली. तेही मला संशयास्पदच वाटलं.

कुलूप परत पाठवतोय. माझ्या टाकीला किल्ली तुझ्याकडून नको. मे महिन्यापासून मी शनिवारी तिकडे फिरकलेलो नाही, एवढं मात्र ऐकलं. का ऐकलं ते मलाच माहीत नाही.

लॅड

---

क्रॉसबी
२९ ऑगस्ट

प्रिय लॅड,

तू बावीस तारखेला कोर्टाच्या खोलीतून बाहेर आलास तेव्हा मी समोरच्या बाकावर होते. टोपी हातात घेऊन माझ्यासमोरून गेलास. मी हाक मारली नाही आणि तू थांबला नाहीस. तुझा चेहरा आपली आई गेली त्या दिवशी होता तसा होता.

आत काय झालं मला माहीत नाही. मला ते कळणारही नाही. मी आत नव्हते, कारण मी आता कुणाची कैवारी नाही. का ते सांगते, कारण ते माझ्याविषयी आहे आणि माझ्याविषयी बोलायला मला बंदी नाही.

मे महिन्यात तुझं पत्र आलं. पत्रातलं ते सगळं दोनदा वाचलं. तेच पत्र घेऊन मी डेलगाडोबाईकडे गेले. तिने वाचलं, चष्मा काढून ठेवला. म्हणाली, "हे न्यायाधीशांपर्यंत जायला हवं." मी म्हटलं, म्हणून तर आणलं. मग ती म्हणाली, "पाहणारा माणूस तुझा भाऊ आहे. म्हणजे आजपासून तू यात नाहीस." हा नियम मला शिकवलेला होता. वर्गात मी तो पाठही केला होता. पण पाकीट घेऊन तिच्या दारात जाताना तो मला आठवत होता आणि तरी मी गेले, हे तुला माहीत असावं. तू लिहिलं होतंस की आम्ही काय शोधत फिरतो. मी हे शोधलं, आणि दोन वर्षं ज्या मुलाजवळ बसले ते मूल त्याच दिवशी माझ्याकडून गेलं. निरोपाला एक भेट मिळाली, शाळेच्या वाचनालयात. तिथे काय बोललो ते माझ्याजवळ राहू दे.

डेलगाडोबाईने मला झापलंही. तुला तो टोपीवाल्या पुरुषाचा प्रश्न विचारायला नको होता. एका घाबरलेल्या बाईने वर्षभर कुणावर विश्वास न ठेवता शेवटी मला एक गोष्ट सांगितली, आणि मी ती पत्रात घालून भावाला पाठवली. शिवाय मी मनात हार्लनला आरोपी करून टाकलं होतं. माणसं लावून तोच हे करवतोय अशी माझी खात्री झाली होती. त्याबद्दल मी त्याला काही बोलले नाही, पण दोनदा त्याच्या घरी कॉफी पिताना त्याच्या तोंडाकडे चोरासारखं बघत होते. तू आणि मी एकाच आईची मुलं, लॅड. आपल्याला रिकामी गाडी दिसली तरी आत कुणीतरी लपलेलं असतं.

आता तुझ्या मताचं. मी रागाने लिहीत नाही, जे आहे ते सांगते. माझ्या जागी दुसरं माणूस नेमायचं होतं. पाच जण तयार होते, त्यांचे वर्ग सप्टेंबरात सुरू होणार होते. तुम्ही ओळ खोडलीत, वर्ग रद्द झाले. ठसे घ्यायला, शिकवायला, खोडायला कुणी नाही, मग नेमणार कसं? त्यामुळे माझी जागा रिकामी आहे. त्या मुलाला चार समाजसेविका पाहून झाल्यावर एक मार्लिस मिळाली होती. आता तीही नाही. पुढच्या वेळी न्यायाधीश विचारतील, या मुलाला कुणी अलीकडे भेटलं आहे का, तेव्हा त्या खोलीत कुणी उभं राहणार नाही.

एक विनंती. तुला काही दिसलं, कुणी काही सांगितलं, तरी त्या मुलाविषयी मला काही लिहू नकोस. मला ऐकायची परवानगी नाही. आणि असती तरी मला ते सोसलं नसतं.

कुलूप पुन्हा पाठवते आहे. आता तरी ठेवून घे.

मार्लिस

---

उत्तर रस्ता
२२ सप्टेंबर

प्रिय मार्लिस,

बरेच दिवस लिहिलं नाही. तीन वेळा बसलो आणि उठलो.

कोर्टात काय झालं ते मी लिहिणार नाही. न्यायाधीशांनी मलाही बजावलं आहे, आणि मनाई का असते ते मला आता कळतं. पण मी काय बोललो ते माझं आहे. वकिलाने विचारलं, गाडी किती वाजता यायची? मी सांगितलं, पावणेदहा. तुम्ही तिला किती वाजेपर्यंत थांबू दिलंत? मी म्हटलं, पाच मिनिटंसुद्धा नाही. मग त्याने कोर्टाच्या पत्रातून भेटीची वेळ वाचून दाखवली. दहा. जागा वाचली. चर्चचं आवार. उशीर झाला तर भेट रद्द होईल अशी ताकीदही त्याच पत्रात होती, म्हणून ती लवकर यायची. मी पावणेदहाला हाकलायचो, आणि हार्लन दहाला येऊन रिकाम्या आवारात उभा राहायचा. आई आली नाही, असं तो कळवायचा, आणि ते खोटं नव्हतं.

वकिलाने विचारलं, "तुम्ही तिला का हाकललंत?" मी म्हटलं, "संशय आला." "कशाचा?" मी तोंड उघडलं. केकचा, असं म्हणणार होतो. ती गाडीवाली बाई उजव्या बाजूला बसली होती. मी तिच्याकडे एकदाच बघितलं. ती मला बघून खाली सरकली, गाडीत सरकायची तशीच. मार्लिस, मला आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती. त्या केकवर एक नाव लिहिलेलं होतं. मी ते पाहिलं होतं. काचेतून मला ते उलटं दिसलं आणि मी वाचायचे कष्ट घेतले नाहीत.

बाहेर मोटारींपाशी हार्लन उभा होता. मला तोवर वाटत होतं की मी त्याचं नाव राखलं. मग मला कॉफीचं टेबल आठवलं. तपकिरी गाडी, बाई, शनिवार, चर्चचं आवार, सगळं मी त्याच्यासमोर बसून सांगितलं होतं, आणि तो हसला होता. मी विचारलं, "हार्लन, तुला तेव्हाच कळलं होतं?" त्याने टोपीची कड चाचपली. म्हणाला, "पहिल्या महिन्यात नव्हतं कळलं."

मी म्हटलं, "आणि मग?"

"मग तू सांगितलंस. मी घरी गेलो तर जोलीन त्या छोट्या खोलीला पिवळा रंग देत होती, आता कायमचीच म्हणून. मी काय सांगायला हवं होतं तिला?" आणि पुढे म्हणाला, "मी कुणाला हाकललं नाही, लॅड. ते तू केलंस."

ते खरं आहे. म्हणून मला त्याला मारता आलं नाही. तू त्याच्यावर घेतलेला संशय चुकीचा होता, आणि नव्हताही. तुझ्या डेलगाडोबाईने यातला कोणता शब्द खोडला असता मला ठाऊक नाही.

आता अनुदानाचं. मंडळाच्या नियमात असं आहे की झालेल्या मताचा फेरविचार ज्याला मागायचा असेल, त्याने जिंकलेल्या बाजूने मत दिलेलं असलं पाहिजे. हरलेल्याला ते मागता येत नाही, म्हणजे ग्रुबरांना येत नव्हतं. जिंकलेले आम्ही दोघंच, हार्लन आणि मी. सभेत मी हात वर केला आणि म्हटलं, मला फेरविचार हवा. हार्लनने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ग्रुबरांनी अनुमोदन दिलं. मागे बसलेल्या कुणीतरी विचारलं, "कारण काय?" मी म्हटलं, "या काउंटीत संशय घेणारे पुष्कळ आहेत, मी त्यांतला एक. न शिकता संशय घेणारे. डेलगाडोबाई माणसांना शिकवून संशय घ्यायला लावते, आणि मग त्यांनी पाहिलं काय ते विचारते. मला कुणी विचारलं असतं तर बरं झालं असतं." एवढंच बोललो. दोन विरुद्ध एक मतांनी ओळ परत आली, पण पूर्ण नाही. निम्मीच, आणि पुढच्या जूनपर्यंतच. बाकीचे पैसे तोवर रस्त्यावर खडी टाकायला गेले होते. डेलगाडोबाई म्हणाली, पाचांपैकी तिघांना शिकवता येईल. मी म्हटलं, मला एक सांगा, ओमाहा सोडून तुम्ही इथे का आलात? ती म्हणाली, "इथे घरं स्वस्त आहेत." त्यावर मला पहिल्यांदा तिच्यावर विश्वास बसला.

हार्लन आता कॉफीला आला तर दुसऱ्या टेबलावर बसतो. जोलीन मला बघून रस्ता ओलांडते. ते मी धरून चाललो आहे.

तू लिहिलंस की त्या मुलाविषयी काही कळवायचं नाही. मी शब्द पाळतो. गाडीविषयी लिहायला बंदी नाही, म्हणून मी फक्त गाडीविषयी लिहितो.

गेल्या पंधरवड्यात एका शनिवारी मला शहरात पंपाचा सुटा भाग आणायला जायचं होतं. वार माझ्या लक्षात नव्हता, खरंच नव्हता. चर्चच्या वळणावर आलो तर आवारात ती तपकिरी गाडी. दहाला पाच मिनिटं होती. समोरून आणखी एक गाडी आत वळत होती, तिच्यात कोण होतं ते मी लिहीत नाही. तेवढ्यात तपकिरी गाडीतल्या बाईला माझी पिकअप दिसली. तिने लगेच इंजिन सुरू केलं. मला ते तिथपर्यंत ऐकू आलं. ती निघून जाणार होती, मार्लिस. भेट समोर आली होती आणि माझी टोपी बघून ती भेट टाकून पळणार होती. मी खिडकीतून हात काढून हलवला, पण हात बघून ती आणखीच घाबरली. मग मी गाडी सरळ मागे घेतली, खंदकाच्या काठाकाठाने, वळणाच्या पलीकडे, जिथून तिला मी दिसणार नाही तिथपर्यंत. मागचं एक चाक चिखलात रुतलं. मी इंजिन बंद केलं आणि तसाच बसून राहिलो. पलीकडचं इंजिनही थोड्या वेळाने बंद झालं.

तेव्हापासून शनिवारी मी शहराला पुलाकडच्या रस्त्याने जातो. बराच वळसा पडतो. टाकीला तुझं कुलूप लावलं आहे.

काल पुलाच्या रस्त्याने येताना ती गाडी मला लांबून दिसली, माळाच्या त्या बाजूला, तळ्याकडे चाललेली. दार अजून गंजलेलंच आहे. डिकी अर्धी उघडी, दोरीने बांधलेली, आणि आतून सायकलचं चाक बाहेर आलेलं. मुठीच्या झिरमिळ्या वाऱ्यावर उडत होत्या. मागच्या खिडकीतून एक हात बाहेर काढलेला होता, पूर्ण कोपरापर्यंत, आणि तो वाऱ्यात वर-खाली होत होता.

कुणाचा ते मी लिहीत नाही.

तुझा भाऊ,
लॅड